बाकड्यावर एक ओळ रिकामी होती

दादा, तू गेलास हे सगळ्यांना मागच्या पंधरवड्यात कळलं. फाट्यावरचं बाकडं मात्र ते कितीतरी वर्षांपासून सांगत होतं.

हसलास ना? हस बाबा, तुला काय. मला हसायला येत नाही. परवा तुझं तेरावं झालं, काल मी खर्डीला परत आले आणि आज शाळेतून घरी आल्या आल्या, चहाही न टाकता, हे लिहायला बसले आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ताटावरून उठावं तसा तू उठून गेलास. आता मी भांडू कुणाशी? इथल्या मास्तरणींशी भांडून मजा येत नाही, त्या लगेच माफी मागतात.

भेटायला येणारे विचारतात, भाऊ काय करायचे? मी सांगते, मुरबाड-कल्याण जीप चालवायचा, थोडी भातशेती होती, बायको आहे, मुलगा एमआयडीसीत कामाला आहे. एवढं सांगून झालं की मला तुझीच लाज वाटते. इतका मोठा माणूस आणि पायरीवर बसल्या बसल्या सांगून संपला. म्हणून ते सगळं सोडून देते आणि बाकड्याचंच सांगते. तुला पाठ आहे, ठाऊक आहे मला. तरी ऐक. आजवर मी तुझं ऐकलं, आता तुझी पाळी.

आप्पा गेले तो वैशाख होता. आपल्याकडे रीतच आहे, घरचं माणूस गेलं की तेराव्याला त्याच्या नावानं गावाला काहीतरी द्यायचं. कोणी देवळाला घंटा देतं, कोणी शाळेला पाण्याचं पिंप देतं, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो सिमेंटचं बाकडं देतो. पाठीवर अक्षरं पाडलेली, कैलासवासी अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. तू म्हणायचास, "मुरबाड तालुक्यात एसटी येवो नायतर न येवो, बसायची सोय मेलेल्या माणसांनी करून ठेवलीय."

बाकडं सांगायला तू गेलास तोही भरलेली जीप घेऊन. आत माणसं कोंबलेली. कोणाला कल्याणला कोर्टाची तारीख, कोणाला दवाखाना, सगळी ओरडतायत. तू खाली उतरलासुद्धा नाहीस. इंजिन चालू ठेवून रस्त्यावरूनच त्या बाकडेवाल्याला हाक मारलीस, "एक बाकडं पायजे, फाट्यावर टाकायचंय!" तो आतून ओरडला, "नाव?" आणि माझ्या शहाण्या भावा, तू स्वतःचं नाव सांगितलंस. "रघुनाथ बाळाराम!" म्हणालास आणि गिअर टाकून निघालास. तुला वाटलं, गिऱ्हाइकाचं नाव विचारतोय. त्याला वाटलं, हे मेलेल्या माणसाचं नाव. त्या बिचाऱ्यानं रीतीप्रमाणे पुढं कै. लावलं, मागं स्मरणार्थ लावलं आणि पक्कं सिमेंट ओतून टाकलं.

तेराव्याच्या सकाळी टेम्पो अंगणात आला. चौघांनी मिळून बाकडं उतरवलं, वरचं गोणपाट ओढलं आणि वयनीच्या हातातला परातभर भात ओट्यावर सांडला. कै. रघुनाथ बाळाराम यांच्या स्मरणार्थ. आणि तू तिथंच उभा, डोकं भादरलेलं, खांद्यावर टॉवेल. मी किंचाळले, "फोडा ते! आत्ताच्या आत्ता फोडा!" भावकीतली म्हातारी माणसं पण म्हणाली की फोडाच, असलं दारात नको. कोणीतरी घण आणायला पळालं.

तू बाकड्याभोवती एक चक्कर मारलीस. नावावरून बोट फिरवलंस. आणि म्हणालास, "आप्पांचं नाव आलंय की. ह्ये बगा, बाळाराम. मधी हाय."

दादा, तेराव्याच्या दिवशी माणसं तोंडाला टॉवेल लावून हसली रे. वाढपी हसले, भटजी हसले. घण घेऊन आलेला माणूस घण टेकवून हसायला लागला. मग तू जरा गंभीर होऊन म्हणालास, "ह्ये फोडलं तर घण आप्पांच्या नावावर पडंल. कोणाला घालायचाय, त्यानी घालावा." झालं. कोण घालणार? संध्याकाळी बाकडं फाट्यावर करंजाखाली बसलं आणि पहिला तू जाऊन त्यावर बसलास. माणूस मेल्यावर बाकडं येतं, माझं ॲडव्हान्स बुकिंग झालं म्हणालास.

मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. तुला आठवतं का? तू एसटीडीवरून फोन करायचास, मी रिसीव्हर आपटायचे. जिवंत माणसाच्या नावापुढं कै. लागलेलं मला बघवत नव्हतं. खर्डीहून किन्हवलीमार्गे एसटीनं माहेरी येताना फाटा जवळ आला की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडं तोंड करून बसायचे. आणि उतरते तर तू त्याच बाकड्यावर पाय पसरून, आपल्याच नावाला टेकून माझी वाट बघत बसलेला.

पुढं त्या बाकड्यानं तुला वेडच लावलं. जीप भरेपर्यंत तू तिथंच बसायचास. नवखं माणूस नाव वाचायचं आणि तुलाच विचारायचं, हे रघुनाथ बाळाराम कोण हो? तू मान खाली घालून म्हणायचास, "व्हता एक. बरा व्हता. जरा जास्ती बोलायचा." ते माणूस च् च् करायचं. कशानं गेले? "बायकोचं ऐकलं नाय." एकदा एक बाई तुझ्या नावानं हळहळली आणि तिच्या टोपलीतली दोन सीताफळं बाकड्यावर ठेवून गेली. ती तू घरी आणलीस, मेल्यालापण मान हाय म्हणून सगळ्यांना दाखवलीस. वयनीनं त्यातला घास तोंडात घेतला नाही. ती त्या बाकड्यावरच्या एकाही विनोदाला कधी हसली नाही. मला वाटायचं, ह्या बाईला विनोद कळतच नाही.

बाकडेवाल्यानं नावाखाली एक पट्टी कोरी सोडली होती. सगळ्याच बाकड्यांवर असते ती, देणाऱ्याचं नाव घालायला. तुझ्या बाकड्यावर कोणाचं नाव घालणार? तू देणारा आणि तूच गेलेला. ती रिकामी पट्टी तुला स्वस्थ बसू देईना. "सुमे," म्हणालास, "तुझं अक्षर चांगलं हाय. माझी येळ आली का तिथं एक ओळ लिव. ओळ मी देतो." मी म्हणाले, थू थू, अभद्र बोलू नकोस. पण तू कुठला ऐकायला! दर भेटीत नवीन ओळ. खर्डी स्टेशनच्या बाहेर तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन यायचास आणि गोणी खाली ठेवायच्या आधी ओळ सांगायचास.

पहिली तुझ्या धंद्यातली होती. "एक सीट खाली झाली." मी म्हणाले, आणि मागं क्लीनर लटकवू का? मग जमिनींचे दलाल आपल्याकडं फिरायला लागले. मुंबईच्या माणसांना फार्महाऊस पाहिजेत, चकचकीत गाड्या, गॉगल, बांधावर उभं राहून हात लांब करून हे सगळं केवढ्याला विचारायचे. त्या वर्षी तुझी ओळ आली, "सदर जागा विकणे नाही." त्यातल्या एका दलालाला तू म्हणे बाकड्यावर नेऊन बसवलंस आणि हा बघ मालक वारलाय, आता सही कुणाची घेणार, असं म्हणालास. तो माणूस खरोखर तुझ्या वारसांची चौकशी करत गावात फिरला.

आणि मग ती रुमालाची. "सावकाश या. रुमाल टाकून ठेवलाय." एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आपली सगळ्यांची विद्या. ती तू थेट वरपर्यंत नेलीस. ह्या ओळीला मी हसले. हसू दाबायला तोंडात पदर कोंबला, तरी तू पकडलंस. "हसली! सुमी हसली! ठरलं, हीच लिवायची." मी म्हणाले, माझ्या हातानं तर मुळीच नाही लिहिणार. तू म्हणालास, लिवशील. त्यावरून आपली जुंपली ती जुंपलीच. माझं म्हणणं एकच होतं, मरणाची थट्टा करू नये, त्याला ऐकू येतं. तुझं म्हणणं, त्याला ऐकू येतं म्हणूनच करायची, जरा वचकून राहील.

एक सांगायचं राहिलं तुला. राहिलं म्हणजे, मी सांगितलंच नाही. आमचे हे गेले तेव्हा तू जीप बंद ठेवून माझ्याकडे खर्डीला येऊन राहिलास. इतका बडबड्या तू, पण त्या दिवसांत एक शब्द वावगा बोलला नाहीस. विहिरीवरून पाणी आणायचास, भात करायचास आणि तो रोज करपवायचास. मी ओट्यावर दगडासारखी बसून असायचे आणि तू शेजारी बसून तांदूळ निवडायचास, आधीच निवडलेले तांदूळ पुन्हा पुन्हा. निघायच्या दिवशी पिशवी उचललीस, दारात वळलास आणि म्हणालास, "सुमे, तुझी पण एक ओळ ठरवून ठेव. माझ्याकडं ढीगभर हायेत, त्यातली देऊ का?" मी हातातला भाताचा डाव तुझ्या अंगावर फेकला. तू तो झेललास. आणि मी हसले, दादा. हे गेल्यावर पहिल्यांदा. तू तेवढ्यासाठीच थांबला होतास हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला कुठं चांगलं म्हणायची सवय होती मला? तुझ्याशी बोलायचं म्हणजे भांडायचंच, एवढं एकच येत होतं.

ह्या भादव्यात तुझं पोट दुखायला लागलं. भात कापणीला आला तोवर तू कल्याणच्या दवाखान्यात. पाय सुजलेले, चेहरा एवढासा झालेला. तरी पहिल्या दिवशी मला बघून म्हणालास, "पट्टी अजून कोरी हाय, ध्यानात हाय ना?" मी डाफरले, गप्प पड. दुसऱ्या खेपेला म्हणालास, तरी डाफरले. तिसऱ्या खेपेला तू म्हणाला नाहीस. मी वाट बघत बसले. मोसंबी सोलली, फोडी केल्या, बिया काढल्या. तू खिडकीकडं बघत होतास.

मग मीच म्हणाले. इतकी वर्षं नाही म्हणत आलेली मी, तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "दादा, मी ठरवलंय हां. रुमालाची ओळ लिहिते. चांगल्या वळणदार अक्षरात."

तू माझ्याकडं मान वळवलीस. "नको गो," म्हणालास.

"का रे? तूच तर मागं लागला होतास."

"आता नको. भ्याव वाटतं."

जन्मात तुझ्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. जीपचे ब्रेक फेल झाले तेव्हा नाही, तानसाकडच्या जंगलात गाडी बंद पडून बिबट्या समोर आला होता तेव्हाही नाही. त्या गोष्टी तू आम्हाला हसवत सांगितल्यास. मरणाला आयुष्यभर टपल्या मारत फिरलास आणि ते खरोखर दारात आल्यावर लहान पोरासारखा माझ्याकडं बघायला लागलास. मी काय करावं? जवळ घ्यावं की नाही? तू माझ्यापेक्षा मोठा, तुला कसं जवळ घेणार? मी म्हणाले, "पाणी देऊ का?" एवढंच. तू हो म्हणालास, मी पाणी दिलं. हे आपलं शेवटचं बोलणं. पुढच्या खेपेला तू घरी होतास, आणि तुला बोलता येत नव्हतं.

आता तू गेल्यानंतरचं सांगते, ते तुला ठाऊक नाही.

प्रशांतनं ठरवलं की बाकडं फोडायचं. तुझा मुलगा, तुझ्याचसारखा हट्टी. त्याच जागी नवीन बाकडं, काळा ग्रॅनाईट, वर तुझा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्या कंपनीतल्या मित्राच्या ओळखीचा कारागीर होता. बाराव्याच्या दुपारी गवंडी येणार, जुनं फोडणार, तेराव्याला नवीन बसणार. मला हे दहाव्याच्या दिवशी कळलं. पंगत उठल्यावर मी त्याला धरलं.

"बापाचा जीव होता त्या बाकड्यात," मी म्हणाले.

"आत्या, त्याच बाकड्यानं पप्पांना खाल्लं."

"बाकडं माणूस खातं काय रे? शिकला-सवरलेला ना तू?"

"लोकं हसतात आत्या. आमची कंपनीची बस तिथं थांबते. रोज पोरं वाचतात आणि मला फोनवर विचारतात, तुझा बाप खरंच वारला की अजून पण जोक चालू हाय? काय सांगू मी? आणि तुमीच तर पहिल्या बोललेलात, फोडा म्हणून. आई सांगते मला."

खरंच होतं ते. वाईट नाही रे तो, दादा. त्याचा बाप गेलाय आणि लोक त्याला खरंच का असं विचारतायत. तुझ्या विनोदाचा हा भाग कधी तुझ्या वाट्याला आला नव्हता.

पण मला ते बाकडं फुटायला नको होतं. ज्या बाकड्याकडं मी पाठ करून बसायचे, त्याच्यासाठी मी आता सगळ्यांशी कचाकचा भांडत होते. ते फुटलं की तू पुरता गेलास, असं काहीतरी मला वाटत होतं. आणि फुटू द्यायचं नाही तर त्या कोऱ्या पट्टीचं काय? धडधाकट होतास तेव्हा पन्नास वेळा लिही म्हणालास आणि शेवटी एकदाच नको म्हणालास. माणसाचं कुठलं म्हणणं खरं धरायचं, जन्मभराचं की शेवटचं? रुमालाची ओळ लिहावी तर डोळ्यासमोर तुझा दवाखान्यातला चेहरा यायचा. न लिहावी तर स्टेशनबाहेर गोणी घेऊन उभा असलेला तू. मी दोन दिवस हेच करत होते. कोणाला विचारणार? ज्याला विचारायचं तोच नव्हता.

वयनी ह्या सगळ्यात नव्हतीच. ती कामं करत होती. तू गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस नाही आलं. आलेल्यांना चहा, म्हाताऱ्यांना अंथरूण, खळ्यावर न झोडलेले भाताचे भारे पडले होते त्यांवर ताडपत्री. गावातल्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या, बाई दगडाची हाय म्हणून. मला पण राग येत होता, खोटं कशाला सांगू.

बाराव्याच्या दुपारी ती मोरीवरून हात पुसत आली आणि म्हणाली, "वन्सं, जरा फाट्याला चला माझ्यासंगती."

सुतक अजून फिटलं नव्हतं. एका म्हातारीनं दारात हात आडवा धरला, "अगो, तेरावं होऊदे, मंग जा, कोण आडवतंय?" वयनी तिच्या हाताखालून वाकून बाहेर पडली. मी चपला शोधेपर्यंत ती पार गोठ्यापर्यंत गेली होती.

फाट्यावर प्रशांत उभाच होता. गवंडी पण आलेला, घण करंजाला टेकून ठेवून तंबाखू मळत होता. वयनीला बघून त्यानं तंबाखू झटकून टाकली. ती बाकड्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तुझ्या नावाकडं बघत.

"वन्सं," ती म्हणाली, "मला ह्याच्यावर बसलेली कवा बगितलीय?"

मी आठवून बघितलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"बाजाराला जाताना ह्याच्या समोरनं जायचं. येताना समोरनं यायचं. दुसरी वाटच नाय. दर टायमाला मनात बोलायची मी, खोटं हाय. खोटं हाय. दोन येळा बोलायचं आणि पुढं जायचं. एक दिस चुकवला नाय. एकदा डोक्यावर भाराभर लाकडं व्हती, तंद्रीत पुढं गेली, अन् पार वड्याच्या पाण्यापाशी ध्यानात आलं. तशीच मागं आली. बोलली, मंग गेली."

प्रशांत आईकडं बघतच राहिला. मी म्हणाले, "दादाला माहीत होतं?"

"ह्यांना कशाला सांगू? त्याचापण इनोद केला असता त्यांनी." आणि ती हसल्यासारखी झाली. मग हळूच म्हणाली, "त्या दिशी ह्यांना न्हेताना इथनंच न्हेलं. मी बाया माणसांत मागं व्हती. हितं आली आणि सवयीनं मनात आलं, खोटं हाय. आणि मंग दुसऱ्यांदा बोलताच येईना."

दादा, ही बाई तुझ्या एका चुकीशी रोज झुंजत होती. जाताना एकदा, येताना एकदा. तू बाकड्यावर बसून लोकांना हसवत होतास आणि ती तुझ्या समोरून डोक्यावर ओझं घेऊन तुला जिवंत ठेवत जात होती. तुला नाही कळलं, मला नाही कळलं. विनोद कळत नाही म्हणे तिला!

गवंड्यानं विचारलं, "मंग काय करायचं?" प्रशांत म्हणाला, "आई, तू सांग. फोडायचं का?"

"नको फोडू," ती म्हणाली. "इतकी वर्सं सांभाळलं." मग माझ्याकडं वळली. "वन्सं, ह्ये तुमाला काय ते लिवायला सांगायचे ना खाली?"

"हो. पण शेवटी नको म्हणाला गो. घाबरला होता."

"त्यांचं नका लिवू मंग. माझं लिवा."

ओळ तिनं सांगितली. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तुझ्या सगळ्या ओळी, सीटची, जागेची, रुमालाची, मला एकदम कच्च्या वाटल्या, खरंच सांगते. रागवू नकोस. तू तालुक्यातला मोठा विनोदी माणूस, पण तुला घरातलंच माणूस भारी पडलं.

प्रशांत समोरच्या दुकानात गेला आणि काळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आला. त्यानंच पट्टीवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. मी जमिनीवर गुडघे टेकून लिहायला बसले. शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहिते मी, पण त्या दिवशी पहिलं अक्षर दोनदा पुसावं लागलं. बाजूला जीप येऊन थांबली, माणसं उतरली, कोणीतरी विचारलं काय चाललंय, प्रशांतनं त्यांना हातानं लांब केलं. लिहून झाल्यावर मी उठले. गुडघ्यांना माती, बोटांना रंग.

वयनीला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलीय ती. तरी म्हणाली, "तुमी वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं.

"कै. रघुनाथ बाळाराम यांच्या स्मरणार्थ. एवढी वर्षं हे खोटं होतं."

तेव्हा ती रडली, दादा. बाकड्याची पाठ दोन्ही हातांनी धरून, सगळ्या फाट्यादेखत, गळा काढून रडली. प्रशांत तिला धरायला धावला आणि तोही रडायला लागला. रंग ओला होता, तिचे तळवे काळे झाले. मी तिला हात काढ म्हणाले नाही.